तोंडओळखीची माणसं आणि आपला फोन

सासऱ्यांच्या ऑपरेशनला दोन दिवस होते आणि संध्याकाळी साडेसहाला हॉस्पिटलमधून सांगितलं की ओ निगेटिव्ह रक्ताच्या दोन पिशव्या लागतील, एकीची सोय झालीये, दुसरीसाठी तुम्ही डोनर बघा. आपल्याकडे निगेटिव्ह ग्रुपची माणसं शंभरात जेमतेम पाचेक, आणि ओ निगेटिव्हवाल्याला ओ निगेटिव्हच लागतं, दुसरं चालत नाही. आमच्या घरात सगळे पॉझिटिव्ह. दिरांना फोन केला, नणंदेला केला, माझ्या भावाला, दोन्ही मावश्यांकडे, ह्यांच्या मित्रांना, आणि अर्ध्या तासात लक्षात आलं की आपली म्हणावीत अशी जवळची माणसं संपली. ती तेवढीच असतात हो, वीस-पंचवीस. सगळे हळहळले, सगळे म्हणाले बघून सांगतो, पण कोणाकडेच नव्हतं.

मग तिथेच हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तीन ग्रुपवर मेसेज टाकला, एक आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीचा, एक शाळेच्या बॅचचा आणि एक सकाळच्या ट्रेनचा. रात्री सव्वानऊला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मी ठाण्याहून ऐरोलीला कामाला जाते, ट्रान्स हार्बरने, तर त्या डब्यात एक बाई असतात, आमचं आत्तापर्यंतचं बोलणं म्हणजे "आज गर्दी कमी आहे ना" आणि "सरका जरा, चौथी सीट होईल" एवढंच. त्यांच्या जावेचा हा भाऊ, कोलशेतला राहणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून आला, रक्त दिलं, ब्लड बँकेत दिलेली बिस्किटं खाल्ली आणि तिथूनच कामावर गेला. चहाला सुद्धा थांबला नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. सख्ख्या नणंदेला जे जमलं नाही ते त्या ट्रेनमधल्या बाईंना कसं जमलं? नणंदेची माया कमी होती असं अजिबात नाही, ती बिचारी रात्रभर जागी होती. पण उपयोगी पडली ती तोंडओळख. ह्याचं कारण शोधता शोधता बरंच वाचलं आणि मला असं वाटायला लागलंय की सोशल मीडियाचा रोजच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा फायदा कोणता, त्याचं उत्तर ह्यातच आहे. जमेल तितकं सोपं करून सांगते.

१९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा एक लेख आला होता. त्याने बॉस्टनजवळच्या गावात नुकती नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की ही नोकरी तुम्हाला कळली कोणाकडून. ज्यांना ओळखीतून कळली होती त्यांना पुढे विचारलं की त्या माणसाला तुम्ही कितीदा भेटता. आपल्याला वाटेल की घरचे, जिवलग मित्र, रोजचे लोक. तर आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा माणूस कामी आला असे निघाले साधारण १७ टक्के. कधीमधी भेटणारा कामी आला असे ५६ टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारा कामी आला असे २८ टक्के. म्हणजे नोकरी सांगणारा बहुतेक वेळा लांबचाच माणूस होता.

ह्याचं कारण एकदा कळलं की साधं वाटतं. आपली जवळची माणसं आपल्याच वर्तुळात फिरत असतात. मला जे माहिती ते माझ्या नणंदेला माहिती, आम्ही त्याच लग्नांना जातो, त्याच लोकांशी बोलतो, त्याच बातम्या एकमेकींना सांगतो. मी तिला विचारलं तरी ती फिरून माझ्याच ओळखीच्यांना विचारणार. तोंडओळखीचा माणूस मात्र दुसऱ्याच वर्तुळात उभा असतो, त्याचं सासर-माहेर वेगळं, ऑफिस वेगळं, गाव वेगळं, आणि तो आपल्याला थोडासा ओळखतो तेवढ्या थोड्याशा ओळखीवरून आपल्याला त्या अख्ख्या दुसऱ्या वर्तुळात जायला वाट मिळते. ग्रॅनोव्हेटर ह्याला कच्चे धागे अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. आपल्या भाषेत तोंडओळख हा शब्द कधीपासूनचा आहे, आणि तो मला जास्त आवडतो, कारण त्यात निदान तोंड तरी बघितलेलं असतं.

आता सोशल मीडिया ह्यात कुठे येतो. पूर्वी तोंडओळख टिकायची नाही. नौपाड्यात आमची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा चोवीस बिऱ्हाडं होती, कोणी बदलापूरला गेलं, कोणी खारघरला, कोणी मुलाकडे पुण्याला, आणि जवळचे दोन-तीन सोडले तर बाकीच्यांचं काय झालं ते कळायला मार्गच नव्हता. माणसाच्या डोक्याची पण एक मर्यादा आहे, रॉबिन डनबार ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात मांडलं की एक माणूस साधारण १५० जणांशीच खरंखुरं नातं सांभाळू शकतो, त्यापुढे मेंदूला झेपत नाही. म्हणजे तोंडओळखीची माणसं आपण टाकून देतो असं नाही, ती आपसूक गळून पडतात. फोनने एवढंच केलंय की गळून पडणारी माणसं एका पिशवीत धरून ठेवलीयेत. शाळेची बॅच, जुनी बिल्डिंग, क्लासमधले पालक, ट्रेनचा डबा, बाळंतपणाच्या वेळी भेटलेल्या बायका. रोज बोलायची गरज नाही, वाढदिवस लक्षात ठेवायची गरज नाही, ती तिथे असतात. आणि लागली की विचारता येतं, विचारायला पैसेही पडत नाहीत आणि संकोचही कमी, कारण एकाला फोन करून भीड घालण्यापेक्षा तीनशे जणांत विचारलं की ज्याला जमेल तो बोलतो, ज्याला नाही जमत त्याला नाही म्हणायचा अवघडलेपणा येत नाही.

व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये आता १०२४ माणसं मावतात, २०२२ पर्यंत हा आकडा २५६ होता. फेसबुकने २०१६ साली आपल्या तेव्हाच्या १५९ कोटी लोकांचा हिशोब करून सांगितलं होतं की जगातल्या कुठल्याही दोन फेसबुकवाल्यांच्या मध्ये सरासरी साडेतीन माणसं आहेत. मी माझं मोजलं. मी, मग ट्रेनमधल्या बाई, मग त्यांची जाऊ, मग तिचा भाऊ. मध्ये फक्त दोन.

रक्ताचंच अजून एक उदाहरण आहे आणि ते आपल्या मुंबईचं आहे म्हणून सांगते. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत असा एक रक्तगट सापडला जो ए नाही, बी नाही, आणि दिसायला ओसारखा असून ओ पण नाही. त्याचं नावच बॉम्बे ब्लड ग्रुप पडलं. भारतात साधारण दहा हजारात एकाचा असतो आणि त्या माणसाला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं, आपण सगळ्यांना चालणारं म्हणतो ते ओ निगेटिव्ह सुद्धा चालत नाही. आता विचार करा, दहा हजारात एक. कोणाच्या ओळखीत एवढी माणसं असतात? ह्या गटाचे डोनर शोधणारे लोक आज एकमेकांशी फोनवरून जोडलेले असतात म्हणून एका राज्यातला माणूस दुसऱ्या राज्यातल्या पेशंटपर्यंत पोहोचतो. अशी दुर्मिळ गोष्ट शोधायची तर जाळं पसरलेलंच लागतं.

नोकरीचं पण तसंच. ग्रॅनोव्हेटरच्या म्हणण्याची मोठी तपासणी २०२२ साली आली, लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांची पाच वर्षांची माहिती घेऊन. त्यात कळलं की तोंडओळखच कामी येते हे खरं, पण अगदीच कोण कुठला असा माणूस नाही, आणि अगदी रोजचा पण नाही, मधला. ज्याच्याशी आपले थोडेफार सामायिक ओळखीचे आहेत असा. मला हे वाचून पटलंच, कारण माझी कळव्याची भाची बी.कॉम. होऊन दीड वर्ष घरी होती, आम्ही सगळे नातेवाईक आपापल्या परीने प्रयत्न करत होतो आणि शेवटी माझ्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एकाने टाकलं की आमच्या तुर्भ्याच्या ऑफिसात अकाऊंटला मुलगी हवीये, टॅली यायला हवं. त्या मुलाशी दहावीनंतर मी एक शब्द बोलले नव्हते. भाची आता तिथे तिसऱ्या वर्षात आहे.

पण ग्रुपवर टाकलं आणि काम झालं असं नेहमी होत नाही, आणि लोक इथेच कंटाळतात, म्हणतात ग्रुपवर कोणी उत्तर देत नाही, सगळे नुसते गुड मॉर्निंगला पुढे. ह्याचंही कारण आहे. १९६८ साली डार्ली आणि लाताने ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. माणसाला एका खोलीत एकटं बसवायचं, इंटरकॉमवरून दुसऱ्याशी बोलायला लावायचं, आणि मध्येच त्या दुसऱ्याला फिट आल्यासारखा आवाज ऐकवायचा. ऐकणारा आपण एकटाच आहोत असं ज्यांना वाटत होतं त्यातले ८५ टक्के लोक मदतीला उठले. आपल्यासोबत अजून चौघं ऐकतायत असं ज्यांना सांगितलं होतं त्यातले फक्त ३१ टक्के. माणसं वाईट नव्हती, प्रत्येकाला वाटलं दुसरा कोणीतरी जाईल. पाच जणांत हे होतं तर चारशे जणांच्या सोसायटी ग्रुपमध्ये काय होत असेल.

म्हणून मेसेज कसा लिहायचा ह्याला फार महत्त्व आहे. मी जिन्यात बसून घाईघाईत लिहिलेला पहिला मेसेज असा होता, "अर्जंट ओ निगेटिव्ह ब्लड पाहिजे ठाण्यात, प्लीज फॉरवर्ड करा", खाली माझा नंबर. तोच तीनही ग्रुपवर टाकला. ट्रेनच्या ग्रुपमधल्या एका ताईंनी, त्या बँकेत आहेत, दोन मिनिटांत मला वेगळा मेसेज केला, अगं तारीख टाक, हॉस्पिटल कुठलं ते टाक, पेशंटचं वय, किती पिशव्या, कधीपर्यंत, आणि फॉरवर्ड करा असं नको लिहूस, तुमच्या घरात किंवा ऑफिसात ओ निगेटिव्ह कोण आहे ते आठवा असं लिही. मी त्या ग्रुपवरचा मेसेज काढून परत नीट लिहिला. आणि फोन त्याच ग्रुपमधून आला. ह्यात नशिबाचा भाग असेलही, पण मला ताईंचं शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण फॉरवर्ड करा म्हटलं की माणूस अंगठ्याने पुढे ढकलतो आणि त्याचं काम झालं. आठवा म्हटलं की तो क्षणभर थांबून खरंच आठवतो. त्या बाईंना जावेचा भाऊ आठवला तो असा.

आणि तो पहिला मेसेज, बिनतारखेचा, तो दुसऱ्या दोन ग्रुपमधून निघून गेला होता तो गेलाच. मला आठ महिने फोन येत होते. नाशिकहून, सांगलीहून, एकदा रात्री साडेअकराला एका मुलाचा, "ताई मी ओ निगेटिव्ह आहे, आत्ता निघालो तर पहाटे पोचतो." सासरे तोपर्यंत बरे होऊन तलावपाळीला फेऱ्या मारायला लागले होते. त्या मुलाला थांबवताना मला फार वाईट वाटलं, तो खरंच निघाला असता. तेव्हा रक्ताचा असो, हरवलेल्या माणसाचा असो, काहीही असो, मेसेजमध्ये तारीख टाकाच, आणि काम झालं की त्याच ग्रुपवर "मिळालं, आता पुढे पाठवू नका" असं पण टाका.

फॉरवर्ड एवढा लांब कसा जातो त्याचा हिशोब शाळेतलाच आहे. एकाने पाच जणांना पाठवला, त्या प्रत्येकाने पाच जणांना, असं झालं तर नवव्या पायरीला तो १९ लाखांहून जास्त लोकांकडे पोहोचतो. चांगला मेसेज जसा पोहोचतो तसाच खोटा पण पोहोचतो, आणि खोट्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आलीये ह्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठार मारलं, भिक्षा मागून पोट भरणारी भटक्या समाजातली माणसं होती ती. हे लिहिताना सुद्धा हात थांबतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असा नियम केला, आणि एप्रिल २०२० पासून जो मेसेज आधीच खूप वेळा फिरलाय, ज्यावर दोन बाण दिसतात, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ते दोन बाण म्हणजे हा मेसेज निदान पाच हातांतून फिरून तुमच्याकडे आलाय. म्हणजे मूळ लिहिणारा कोण ते तुम्हाला पाठवणाऱ्याला पण माहिती नाही. तोंडओळख तिथे संपली. मी तर दोन बाणवाला मेसेज, मग तो कितीही कळकळीचा असो, आधी त्यातल्या नंबरवर फोन लावून बघितल्याशिवाय पुढे पाठवत नाही.

बरं, हे झालं अडीअडचणीचं. रोजचे छोटे फायदे ह्याच्याहून कितीतरी जास्त आहेत आणि त्यांच्याकडे आपलं लक्ष जात नाही. आमच्या बी विंगमध्ये एक काकू आहेत, काका गेल्यावर त्यांनी घरातूनच पदार्थ करून द्यायला सुरुवात केली. दुकान नाही, बोर्ड नाही, जाहिरात नाही, फक्त स्टेटस. सकाळी सहाला त्यांचा स्टेटस पडतो, "आज खरवस, ८ डबे" नाहीतर "उद्या पुरणपोळी, आज संध्याकाळी ७ पर्यंत सांगा". गणपतीत उकडीचे मोदक. मी एकदा त्यांच्या ओट्याशी उभी होते तेव्हा बघितलं, स्टीलच्या परातीत मोदक झाकून ठेवलेले, बाजूला प्लास्टिकचे डबे एकावर एक, आणि प्रत्येक झाकणावर मार्करने फ्लॅट नंबर. बी ७०३, २१. ए ११०४, ११. डी २०२, ५१. एक मोदक जास्त नाही, एक कमी नाही.

इथे मला वाटतं स्टेटसने काय केलंय ते नीट समजून घेण्यासारखं आहे. दुकानदाराला आधी माल करावा लागतो आणि मग गिऱ्हाईकाची वाट बघावी लागते, उरलं तर नुकसान. काकूंना गिऱ्हाईक आधी कळतं आणि मग त्या नारळ आणतात. भांडवल लागत नाही, वाया जात नाही. शिवाय विश्वास आयता, कारण घेणारी माणसं त्याच पाच टॉवरमधली, आज मोदक फाटके निघाले तर उद्या लिफ्टमध्ये काकूंना कळणारच. पैसे यूपीआयने येतात, सुट्ट्याची कटकट नाही. एक बारीक गोष्ट मात्र बऱ्याच जणींना माहिती नसते. तुमचा स्टेटस त्यालाच दिसतो ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे आणि तुमच्या फोनमध्ये त्याचा. एकाने जरी सेव्ह केला नसेल तरी दिसत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टचं पण तेच, २५६ जणांपर्यंत एकदम पाठवता येतं पण समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज पोचतच नाही. काकूंना हे कळल्यावर त्या डबा हातात देताना सांगायला लागल्या, "नाव घाल गं माझं फोनमध्ये." ऑर्डरी वाढल्या त्या त्यानंतर. स्टेटस २४ तासांनी जातो हे पण खाण्याच्या धंद्याला बरोबर बसतं, कालचा खरवस आज कोणी विचारत नाही. आणि घरातून खाद्यपदार्थ विकायचे तरी एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचं, रजिस्ट्रेशन लागतं, ते करून घ्या, काकूंनी केलंय.

ट्रेनच्या ग्रुपबद्दल तर मी कितीही बोलू शकते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी विक्रोळीला नोकरी करायचे. तिथून मुलुंडपर्यंत चालत आले, पुढे पाणी किती आहे, रस्ता कुठे बंद आहे काही माहिती नाही, मोबाईल लागत नव्हता, समोरून भिजत येणाऱ्या माणसांना विचारत विचारत. फेसबुक तेव्हा अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांपुरतं होतं आणि व्हॉट्सॲप यायला अजून चार वर्षं होती. आता जोरात पाऊस लागला की ग्रुपवर आपोआप सुरू होतं, कोणी दिघ्याला अडकलेली असते ती सांगते गाडी उभी आहे, कोणी घणसोलीची सांगते इथे चालू आहे, कोणी ऑफिसातून निघायची थांबते. ही माहिती बातम्यांपेक्षा आधी येते कारण सांगणारी त्या गाडीतच बसलेली असते. आणि तिला आपण रोज बघतो, ती थापा मारणार नाही हे माहिती असतं. नेटवर्क गेलं तर ग्रुप पण गेला, हे मात्र २००५ वरून शिकून मी पर्समध्ये चार नंबर कागदावर लिहून ठेवते.

म्हाताऱ्या माणसांचं सांगायचं तर आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांचं देवगडला जाणं बंद झालं. आता गणपतीत त्यांची धाकटी जाऊ तिकडून व्हिडिओ कॉल लावून फोन समईजवळ उभा करते, आणि इकडे मानपाड्यात ह्या टाळ घेऊन बसतात. आवाज मागे-पुढे येतो, टाळ जुळत नाही, आरती संपेपर्यंत दोन्हीकडच्यांची एक ओळ पुढेमागे होते. तरी त्या दहा दिवस रोज संध्याकाळी साडी बदलून बसतात.

आता जरा अवघड भाग. आत्तापर्यंत जे सांगितलं ते सगळं माणसाकडून माणसाकडे येणारं होतं, ग्रुप, स्टेटस, कॉल. पण सोशल मीडियाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे फीड, इन्स्टाग्रामच्या रील, यूट्यूबवर आपोआप पुढे येणारे व्हिडिओ, फेसबुकवर वर सरकवत जातो ते. तिथे तुमच्यासमोर काय यावं ते माणूस ठरवत नाही, यंत्र ठरवतं. आधी असं नव्हतं, इन्स्टाग्रामवर २०१६ पर्यंत ज्याने शेवटी टाकलं त्याचं वर दिसायचं, साधा क्रम होता. मग त्यांनी अंदाज बांधून क्रम लावायला सुरुवात केली. यूट्यूबने तर २०१२ मध्येच ठरवलं की किती जणांनी व्हिडिओ उघडला ह्यापेक्षा किती वेळ बघितला ते मोजायचं. यंत्र सारखं एवढंच विचारत असतं की हे दाखवलं तर ही बाई किती वेळ थांबेल, लाईक करेल का, कमेंट करेल का, कोणाला पाठवेल का. कारण ही ॲप आपल्याला फुकट आहेत, कंपनीची जवळजवळ सगळी कमाई जाहिरातीतून येते, आणि आपण जितके जास्त थांबू तितक्या जास्त जाहिराती दाखवता येतात.

मी हे स्वतः करून बघितलं. एका रविवारी लोकरीच्या विणकामाचे चार-पाच रील शेवटपर्यंत बघितले, एक दोनदा बघितला. सोमवारी सकाळी माझं अख्खं फीड लोकर. ह्यात वाईट काही नाही, मी त्यातून बाळाचं कुंची-टोपडं शिकले, भाचीच्या बाळाला घातलं. पण यंत्राला मी शिकले की नाही ते कळत नाही, त्याला फक्त मी थांबले एवढंच कळतं. माणूस आवडलं म्हणून थांबतो तसा संतापून पण थांबतो, घाबरून पण थांबतो. भांडणाच्या व्हिडिओवर रागाने कमेंट केली तरी यंत्राच्या लेखी ती पसंतीच, ते तसलेच अजून चार आणून ठेवतं. म्हणून कोणी म्हणतं ना की हल्ली फोन उघडला की सगळी भांडणंच, तर जग तेवढं बिघडलेलं असेलच असं नाही, आपण कशावर थांबलो ते एकदा आठवून बघावं.

माझ्यापुरतं मी एक केलंय, फीड समोर येईल ते बघत बसायचं नाही, जे हवं ते शोधायला जायचं. मसाला भाताचं प्रमाण हवं तर ते टाईप करून शोधायचं, मिळालं की बंद. नको असलेल्या व्हिडिओवर बोट दाबून ठेवलं की "नॉट इंटरेस्टेड" येतं, ते खुशाल दाबायचं, दोन-तीन आठवडे नेटाने दाबलं तर फरक दिसतो, मला दिसला. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा एमपीएससीची तयारी करतो, परवडत नाही म्हणून क्लास नाही, सगळं यूट्यूब आणि टेलिग्रामवर. त्याने अभ्यासासाठी वेगळं अकाऊंटच काढलंय ज्यावर अभ्यासाशिवाय एकही व्हिडिओ तो कधी बघत नाही. यंत्राला दुसरं काही माहितीच नाही, मग ते दाखवतं ते पण अभ्यासाचंच. हे मला फार हुशारीचं वाटलं.

फसवणुकीचं थोडक्यात सांगते कारण ते सांगितल्याशिवाय सोडवत नाही. फसवणारे लोक आता तोंडओळखीचंच सोंग घेतात. ओळखीच्याचा फोटो लावून नवीन नंबरवरून मेसेज येतो, अडचणीत आहे, वीस हजार पाठव. अशा वेळी जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐका, बाकी काही करू नका. चुकून तुमच्याकडे सहा आकडी कोड आलाय तो सांगा असं कोणी म्हटलं, अगदी सख्ख्या मावशीच्या नंबरवरून म्हटलं तरी द्यायचा नाही, बऱ्याचदा मावशीचं व्हॉट्सॲप आधीच गेलेलं असतं आणि आता तुमचं घ्यायला आलेले असतात. पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करून तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलीये म्हणतात, तसली अटक आपल्या कायद्यात नाही, कॉल सरळ कट करा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सरकारच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावा, जितका लवकर लावाल तितकी पैसे पुढे सरकायच्या आत अडवले जायची शक्यता जास्त. सासूबाईंच्या व्हॉट्सॲपला मी टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावून दिलाय, सेटिंगमध्ये अकाऊंटमध्ये असतं, दोन मिनिटांचं काम आहे, ह्या रविवारी घरातल्या मोठ्यांच्या फोनवर करून टाका.

त्या कोलशेतच्या भावाचा नंबर माझ्याकडे "ओ निगेटिव्ह कोलशेत" म्हणूनच सेव्ह आहे. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एकीच्या वडिलांना रक्त लागलं म्हणून त्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, मी पाच आठवड्यांपूर्वीच दिलंय, मला आत्ता चालणार नाही, पण माझ्या कंपनीत एक आहे, त्याला विचारून नंबर देतो." विचारलं, दिला, तो पण आला. तेव्हापासून मी अशा प्रत्येक नावापुढे शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख पण लिहून ठेवते, पुरुषांना तीन महिन्यांनी परत देता येतं, बायकांना चार. सध्या यादीत सहा नावं आहेत, त्यातल्या चौघांना मी अजून प्रत्यक्ष बघितलेलं नाही.